आमच्या चार्टर शाळेतल्या मराठी पालकांना: त्या कागदावर मी सही का केली नाही

मंडळी,

स. न. वि. वि.

रविवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये जो कागद फिरत होता, त्यावर मी सही केली नाही. "अगं, तुझी मुलगी नाही का तिथेच?" असं तिघी-चौघींनी विचारलं. मागच्या सीटवर पोरं भांडत होती, वारं बोचत होतं आणि दोन वाक्यांत सांगून संपेल असं ते नव्हतंच. म्हणून हे पत्र. लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांच्यापर्यंत कागद पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी पण स्वतःचे ट्रस्टी असलेली बिनफीची शाळा. त्या ट्रस्टींपुढे एक प्रस्ताव आहे. दरवर्षी प्रवेशाची जी लॉटरी निघते, तिच्यात कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाच्या नावाची चिठ्ठी एकाऐवजी दोनदा टाकायची. जागा राखीव नाहीत, कुणाची जागा काढून घ्यायची नाही, फक्त चिठ्ठी दोनदा. त्याला विरोध म्हणून आपल्यातल्या काहींनी अर्ज तयार केला. त्यात म्हटलंय, "यामुळे शाळेचा दर्जा खालावेल." पुराव्यादाखल शाळेचं रेटिंग जोडलंय आणि खाली गेल्या वर्षीचे परीक्षेचे टक्के.

आधी माझंच सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की ही कुठून शहाणपण शिकवायला आली. न्यू जर्सीत घर घेताना आम्ही घर शेवटी पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं ते शाळेचं रेटिंग. इथे वंश पाहून गिऱ्हाईक एका वस्तीतून दुसरीकडे वळवायला १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने बंदी आहे, त्यामुळे शेजारी कोण राहतं याबद्दल एजंट तोंड उघडत नाही. "स्कूल्स चांगल्या आहेत" एवढंच म्हणतो आणि आपल्याला कळायचं ते कळतं. मग ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारात कुणीतरी भेटतं, आपण विचारतो, "तिकडे आपले किती आहेत?" पुढचा प्रश्न, "आणि स्कोअर कसे आहेत?" हे दोन निराळे प्रश्न आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मी इन्शुरन्स कंपनीत आकड्यांवर पोट भरते. ऑफिसात जे कुणी माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी हसून परत पाठवलं असतं, तेच आपण आपल्या शाळेबद्दल फ्रेम करून लावतोय. बोचलं ते तिथे.

आपल्या शाळेत इयत्तेला एक वर्ग, वर्गात वीसेक मुलं. राज्याची परीक्षा सुरू होते तिसरीपासून आणि आपली शाळा पाचवीला संपते. म्हणजे ज्या मुलांच्या गुणांवर शाळेची सगळी अब्रू उभी आहे ती फार तर साठ. निकालाच्या पाच पातळ्या असतात. वरच्या दोन पातळ्यांतली मुलं "अपेक्षा पूर्ण करणारी" धरतात आणि ती रेघ आहे ७५० गुणांवर. ७४९ मिळालेलं मूल रेघेच्या खाली, ७५० वालं वर. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के. गेल्या वर्षी पाचवीतली दोन मुलं बाबांची नोकरी बदलली म्हणून मार्चमध्ये टेक्ससला गेली, दोघंही गणितात पक्की. वर्गाचे दहा टक्के विमानात बसून गेले. शिकवणाऱ्या बाई त्याच, पुस्तकं तीच, फळा तोच.

ही काही माझी एकटीची शंका नाही. थॉमस केन आणि डग्लस स्टायगर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ साली हेच मांडलं होतं: शाळा जितकी लहान, तितके तिचे निकाल वर्षागणिक वर-खाली उड्या मारतात आणि त्या उड्यांना आपण सुधारणा किंवा घसरण म्हणतो. हॉवर्ड वेनर हे संख्याशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे निकाल तपासले. सर्वांत वरच्या ५० शाळांत लहान शाळा त्यांच्या वाट्यापेक्षा चौपट. वा! पण मग त्यांनी यादी उलटी केली. सर्वांत खालच्या ५० मध्ये लहान शाळा आणखी जास्त निघाल्या. लहान शाळा चांगली म्हणून वर नसते आणि वाईट म्हणून खाली नसते. लहान असते म्हणून टोकाला असते. मधल्या काळात "लहान शाळा म्हणजे उत्तम शाळा" या समजुतीपायी या देशात कोट्यवधी डॉलर खर्च झाले, मोठ्या हायस्कुलांचे तुकडे पाडले गेले. यादीचा फक्त वरचा अर्धा भाग वाचला की असं होतं.

हे झालं आकड्याच्या डळमळण्याबद्दल. आता तो आकडा मोजतो काय, ते बघू.

१९६६ साली जेम्स कोलमन यांनी अमेरिकी सरकारसाठी सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी केली. अपेक्षा अशी होती की गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या गुणांतला फरक शाळांच्या इमारती, प्रयोगशाळा, पुस्तकं यांच्या फरकातून निघेल. निघालं भलतंच. मुलाचे गुण सर्वांत जास्त जुळत होते ते त्याच्या घराशी, आणि त्याखालोखाल बाकावर शेजारी कोण बसतं त्याच्याशी. त्यानंतर साठेक वर्षं या निष्कर्षावर भांडणं चालू आहेत. पण सरासरी गुण आणि घरची परिस्थिती यांची जोडी काही कुणाला तोडता आली नाही.

मग शाळा काही करतच नाही का? करते, पण ते निराळ्या ठिकाणी दिसतं. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या डिस्ट्रिक्टांचे, म्हणजे गावोगावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या विभागांचे, कोट्यवधी निकाल एकत्र केले आणि मुलं कुठे आहेत हे न पाहता ती किती पुढे सरकली ते पाहिलं. शिकागोचं नाव या देशात शाळांच्या बाबतीत कुणी चांगल्या अर्थाने घेत नाही. तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकत होती. सरासरी गुणांच्या यादीत मात्र शिकागो खालीच, कारण तिसरीतच ती मुलं खूप मागून निघालेली. आणि गुणांच्या यादीत वर असलेले, हिरवळीचे, मोठ्या घरांचे कितीतरी डिस्ट्रिक्ट वाढीच्या यादीत मध्यम. ती मुलं शाळेत आली तीच पुढून.

आता आपण आपल्या घरात डोकावू. इथल्या पंचविशीपुढच्या भारतीयांत दर चौघांपैकी जवळपास तिघांकडे किमान पदवी आहे. अमेरिकेच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण तिघांमागे एकाच्या आसपास. आपण फार हुशार जमात म्हणून हे झालेलं नाही. आपली गाळणी मुंबईच्या वकिलातीत झाली. एच-वन व्हिसाला पदवी लागते, त्याआधी आयआयटी, व्हीजेटीआय, सीओईपी नाहीतर कुठल्या तरी इंजिनिअरिंग कॉलेजची चाळण, त्याआधी बारावीची. एवढ्या चाळण्यांतून उरलेल्या दोन माणसांचं लग्न होतं, त्यांना मूल होतं, ते पाचव्या वर्षी आपल्या शाळेच्या दारात उभं राहतं तेव्हा त्याला अक्षरं येत असतात, बाराखडीही अर्धी येत असते आणि शनिवारचा कुमॉनचा वर्ग ठरलेला असतो. आठवीत जाईपर्यंत त्याला रशियन गणिताच्या क्लासलाही घालून होतं. या मुलांच्या जोरावर शाळेला दहापैकी नऊ मिळतात आणि आपण एकमेकांना सांगतो, "शाळा काय सुरेख आहे नाही!"

शाळा सुरेख आहेच. माझ्या मुलीच्या दुसरीच्या बाईंना मी जन्मभर विसरणार नाही. पण त्या बाईंचं कौतुक त्या नऊमध्ये नाही. त्या नऊमध्ये आपणच आहोत, आरशात पाहून टाळ्या वाजवतोय.

हे दहापैकी गुण देते ती ग्रेटस्कूल्स नावाची वेबसाइट. तिच्या रेटिंगची ही गोची २०१९ साली चॉकबीट या शिक्षणाच्या बातम्या देणाऱ्या संस्थेने उघडपणे मांडली: जिथे गरीब, काळी, लॅटिनो मुलं जास्त तिथे रेटिंग कमी पडतं आणि घर शोधणारी माणसं त्याच आकड्यावर वस्ती निवडतात. पुढच्याच वर्षी ग्रेटस्कूल्सने मुलांच्या वाढीला जास्त वजन दिलं. तरी त्या अंकात सरासरी गुण आजही आहेतच, आणि अर्जाला जोडताना आपण नुसता अंक जोडलाय.

आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याच्या अहवालात वाढीचाही आकडा असतो. गेल्या वर्षी तुमच्या मुलाएवढेच गुण मिळवलेली राज्यभरातली मुलं घ्यायची, त्यांच्यात यंदा तुमचं मूल कुठे आहे ते बघायचं. ५० म्हणजे बरोब्बर मध्ये. शाळेतल्या सगळ्या मुलांचा मधला आकडा तो शाळेचा. मी आपल्या शाळेच्या काही वर्षांचा काढून बसले. चांगला आहे, वाईट अजिबात नाही. पण नऊ गुणांच्या शाळेला शोभेल असा डोळे दिपवणारा नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तोही डळमळीतच, कारण तिसरीला आधीची परीक्षाच नसते, त्यामुळे वाढ मोजायला हाती उरतात चौथी-पाचवीची चाळीसेक मुलं. म्हणजे "आपली शाळा सामान्य आहे" असा निष्कर्षही मी काढू शकत नाही. अर्जात लिहिलंय तो दर्जा या कागदांतून सिद्ध होत नाही, एवढंच म्हणते.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. गटवार निकालांच्या तक्त्यात "आर्थिकदृष्ट्या दुर्बल" अशी ओळ आहे आणि आपल्या शाळेच्या त्या ओळीत टक्क्याच्या जागी चांदणी छापलीय. गटात मुलं फार थोडी असली की कुणा एकाचे गुण ओळखू येऊ नयेत म्हणून खातं आकडा झाकतं. नियम चांगलाच आहे. पण शाळेपासून दोन मैलांवर, हायवेच्या पलीकडे अपार्टमेंट आहेत. तिथले आई-बाप हायवेच्या एक्झिट ८एजवळच्या गोदामांत रात्रपाळी करतात. टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या नेहमीच्या सरकारी, प्राथमिक शाळेत त्यांची मुलं आकडा छापता येईल एवढी आहेत. आपल्याकडे चांदणी.

कुणी म्हणेल, यात आपला काय दोष? लॉटरी सगळ्यांना खुली आहे, परीक्षा नाही, मुलाखत नाही, फी नाही. खरं आहे. चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिकच शाळा. १९९१ साली मिनेसोटाने तिच्यासाठी पहिला कायदा केला, पुढच्या वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. न्यू जर्सीचा कायदा १९९५ चा, पहिल्या शाळा १९९७ पासून. राज्याचे शिक्षण आयुक्त सनद देतात, आधी चार वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासून नवी. मूल आपल्याकडे आलं की त्याच्यामागे डिस्ट्रिक्टच्या दरडोई रकमेचे ठरलेल्या हिशोबाने ९० टक्के आपल्याकडे येतात. टाउनशिपच्या सभांमध्ये आपल्यावर दात-ओठ का खाल्ले जातात ते यात आलं. त्यांची बस तेवढीच धावते, बॉयलर तेवढाच जळतो आणि पैसे मात्र आपल्याकडे.

लॉटरी कशी चालते ते बघा. आधी शाळेतल्या मुलांची भावंडं, त्यांना प्राधान्य. मला त्याचा फायदा झालाय, धाकटा तसाच आत आला. बालवाडीच्या वीस जागांतल्या अर्ध्याअधिक त्यात जातात. उरलेल्यांसाठी अर्ज कोण करतं? ज्याला शाळा माहीत आहे तो. आपल्याला कशी माहीत झाली? मला मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत कुणीतरी सांगितलं. तुमच्यातल्या निम्म्यांना मी सांगितलं! मुदतीच्या आदल्या रात्री आपल्या ग्रूपवर आठवणीचा मेसेज कोण टाकतं ते सर्वांना ठाऊक आहे. त्या अपार्टमेंटांतल्या आईला असा मेसेज कुणी पाठवत नाही. तिला आपली शाळा म्हणजे एखादी महागडी प्रायव्हेट शाळा वाटते, हे मला लायब्ररीत भेटलेल्या एका बाईने सांगितलं तेव्हा मी चाट पडले. चार्टर हा शब्दच तसा आहे म्हणा. चिठ्ठ्या न बघता काढल्या तरी मडक्यात आधी कुणाच्या पडल्या, त्यावर सगळं ठरतं. पहिल्या वर्षी आपले पाच आले, त्यांची भावंडं आली, त्यांच्या मैत्रिणींची मुलं आली. कुणी कुणाला बाहेर ठेवलं नाही. तरी आज वर्गाच्या फोटोत चेहरे पाहिले तर टाउनशिपचा फोटो वाटत नाही.

आणि कायद्याला तो टाउनशिपचा फोटो हवा आहे. राज्याच्या चार्टर कायद्यात स्पष्ट कलम आहे की शाळेतली मुलं, शक्य तितक्या प्रमाणात, त्या समाजातल्या शाळकरी वयाच्या मुलांचा आडवा छेद असावीत, वंशानेही आणि शैक्षणिक बाबतीतही. न्यू जर्सीच्या १९४७ च्या राज्यघटनेत तर सार्वजनिक शाळांत वंश-वर्णावरून वेगळं ठेवायला सरळ मनाई आहे. तरी सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्टांत वाटलेलं हे राज्य शाळांच्या विभागणीत देशातल्या सर्वांत वाईट राज्यांपैकी आहे. त्यावर १७ मे २०१८ ला लॅटिनो ॲक्शन नेटवर्क आणि इतरांनी राज्याविरुद्ध खटला भरला. तारीख मुद्दाम निवडलेली, १९५४ मध्ये याच दिवशी ब्राउन खटल्याचा, म्हणजे शाळांत वंशावरून मुलं वेगळी ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा, निकाल लागला होता. २०२३ च्या ऑक्टोबरात न्यायाधीशांनी म्हटलं की वांशिक विभागणी आहे, पण संपूर्ण राज्याची व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवायला तेवढं पुरत नाही. त्या खटल्यात चार्टर शाळांचाही उल्लेख आहे. गावाच्या मुलांनाच आधी घ्यायचं म्हटलं की गावाची विभागणी शाळेत उतरते, असा मुद्दा. आपल्याकडे तर गावाइतकीसुद्धा सरमिसळ उतरलेली नाही.

दोन चिठ्ठ्यांची कल्पना आपल्या ट्रस्टींच्या डोक्यातून निघालेली नाही. प्रिन्स्टन चार्टर स्कूलने ७६ जागा वाढवायची परवानगी मागितली तेव्हा गरीब घरच्या मुलांसाठी असंच वजन दिलेल्या लॉटरीची योजना सोबत ठेवली होती. २०१७ साली राज्याने ती मान्य केली. डिस्ट्रिक्टने कडाडून विरोध केला, तो जागा वाढवण्याला, पैशांवरून. केंद्र सरकारनेही २०१४ पासून अशा लॉटरीला चार्टर अनुदानाच्या नियमांत जागा दिली आहे.

आता त्या दिवशी पार्किंगमध्ये ऐकलेलं एक वाक्य. कुणाचं ते लिहीत नाही, वाक्य अनेकांच्या मनात होतं. "ती मुलं आली की आपल्या मुलांचं काय?"

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. पुण्याला माझ्या बहिणीच्या सोसायटीत आरटीईबद्दल अगदी हेच चालतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या, तिथेही सोडतच निघते. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला. तेव्हा आपल्या ग्रूपवर "बरं झालं, गरिबांच्या पोरांना चांगल्या शाळा मिळायला नकोत का" असे मेसेज आले होते. मी परत वर जाऊन वाचले. त्यातल्या दोघांच्या सह्या या कागदावर आहेत. पुण्यातल्या गरिबाबद्दल आपलं मन मोठं असतं, मध्ये आठ हजार मैलांचा समुद्र असतो.

"ती मुलं" आल्यावर काय होतं याचं उत्तर कुणी तपासलंय का? तपासलंय, आणि तेही दिल्लीत. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने दिल्लीच्या श्रीमंत खाजगी शाळांत, जिथे धोरणामुळे गरीब मुलं वर्गात आली, तिथल्या श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला ते मोजलं. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, खेळात जोडीदार निवडताना गरीब मुलाला कमी टाळू लागली. गणित आणि हिंदीच्या गुणांवर काही फरक नाही. इंग्रजीत थोडी घट. आणि वर्गात शिव्या जरा वाढल्या. हा शेवटचा निष्कर्ष वाचून मी मोठ्याने हसले, कारण आमच्या तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांच्या मुलाच्या शेजारी वीटभट्टीवरच्या कुटुंबातला मुलगा बसायचा आणि शिव्या हेडमास्तरांच्या मुलाला जास्त यायच्या. ते असो. दिल्ली म्हणजे न्यू जर्सी नव्हे, खाजगी शाळा म्हणजे चार्टर नव्हे. पण "दर्जा खालावेल" असं छातीठोक लिहिणाऱ्या अर्जात एवढाही आधार नाही.

हां, एका काळजीत मात्र दम आहे आणि ती अर्जात कुणी लिहिलीच नाही. आपल्याकडे इयत्तेला एकच वर्ग. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठीच्या बाई आठवड्यातून काही तासच येतात. विशेष गरजांच्या मुलांसाठी पूर्ण वेळेच्या एकच शिक्षिका. स्पॅनिश बोलणारी आठ-दहा मुलं एका वर्षी आली तर त्यांना नुसतं बाकावर बसवून ठेवायचं का? चिठ्ठी दोनदा टाकली आणि माणसं तेवढीच ठेवली तर ती मुलं वर्ष-दोन वर्षांत निघून जातील, त्यांची जागा वेटिंग लिस्टवरून भरली जाईल आणि तिथे पुन्हा आपणच असू. लहान चार्टर शाळांचे निकाल चांगले दिसण्यामागे कधी कधी हेही असतं. अवघड जातं ते मूल हळूच बाहेर पडतं आणि निकालात त्याची ओळच उरत नाही. ट्रस्टींना धारेवर धरायचं तर यावर धरा. गेल्या पाच वर्षांत किती मुलं मध्येच शाळा सोडून गेली आणि कुठल्या घरातली, ते विचारा. आणखी एक पूर्ण वेळ शिक्षिका बजेटमध्ये कुठे आहे, दाखवा म्हणा. अर्जाचे फॉर्म स्पॅनिशमध्ये का नाहीत, तेही. या प्रश्नांचा कागद कुणी फिरवला तर सर्वांत वर माझी सही.

घरी यावर वाद झाला. नवरा म्हणाला, "तुझ्या मुलांची शाळा संपत आली, तुला बोलायला काय जातंय?" खरं आहे, थोरली पाचवीत आहे. धाकट्याची अजून तीन वर्षं आहेत. तो वर्गात ज्याच्याशी डबा वाटून खातो त्या पोराचं आडनाव आगाशे. आम्ही इथे आलो, सात समुद्र ओलांडले, आणि माझा मुलगा सदाशिव पेठेत वाढतोय असं मला कधी कधी वाटतं. सदाशिव पेठेवर राग नाही, माझं सासर तिथलंच. पण त्यासाठी एवढा विमानखर्च करायची गरज नव्हती.

ज्यांनी सह्या केल्या त्यांच्याशी माझं भांडण नाही. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला येईनच, दार उघडा. पण अर्जात "सर्व मराठी पालकांच्या वतीने" असे शब्द आहेत, ते तेवढे काढा, कारण ते खरे नाहीत. मी तुमच्यात मोडत नाही. कागद वाचून गप्प राहिलेल्या आणखी पाच-सहा जणी मला माहीत आहेत. त्यांची नावं मी सांगणार नाही, त्यांना वाटलं तर त्या बोलतील.

सभा येत्या मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, शाळेच्या कॅफेटेरियात. सभा कायद्याने सगळ्यांना खुली असते. बोलायचं असेल तर दाराशी ठेवलेल्या यादीत आधी नाव लिहावं लागतं. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि घड्याळ लावतात, मागच्या वेळी माझं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं. अहवालाची पानं मी छापून आणणार आहे, वाढीचा आकडा आणि ती चांदणी पिवळ्या रंगाने खुणावलेली. ज्याला हवी त्याने माझ्याकडून घ्यावी. मुलांना सोबत आणलं तरी चालेल, माझ्या मुलीने त्यांच्याकडे बघायचं कबूल केलंय. तिला फक्त वेफर्सचं एक पाकीट हवंय.

तुमची,
पाचवी आणि दुसरीतल्या दोन मुलांची आई